संगणकाचे श्रमदान आणि दात्याचे नाव



तुमच्यापैकी पुष्कळांनी आपल्या गावातील देऊळ नीट पाहिले असेल. सभामंडपात शिरताना पायाखाली किंवा भिंतीवर संगमरवरी फरश्या बसवलेल्या असतात. त्यांवर देणगीदारांची नावे कोरलेली असतात. अमुक यांच्या स्मरणार्थ, तमुक यांजकडून, रुपये इतके. त्याच मंडपाच्या एका कोपऱ्यात एक कुलूपबंद पेटी असते. तिच्यावर एकच शब्द लिहिलेला असतो : ‘गुप्तदान’. त्या पेटीत कोणी किती टाकले हे कोणालाही कळत नाही. देऊळ मात्र दोन्ही पैशांनी उभे राहते.

आज मी तुमच्याशी एका निराळ्या दानाविषयी बोलणार आहे. ते आहे संगणकाच्या रिकाम्या वेळाचे दान. त्याही दानात ‘फरशी की पेटी’ हा प्रश्न गेल्या काही वर्षांत उभा राहिला आहे. त्याच्याशी तुमचा जवळचा संबंध आहे. कारण नव्या कायद्यांनी ज्यांची विशेष काळजी वाहिली आहे, ती अठरा वर्षांखालील मुले म्हणजे तुम्हीच!

मोठे गणित, लहान पुड्या

घरातला किंवा शाळेतला संगणक चालू असतो तेव्हाही तो पुष्कळदा जवळजवळ रिकामाच बसलेला असतो. आपण एखादे पत्र टंकलिखित करतो, त्या वेळात त्याची गणनशक्ती फारच थोडी खर्च होते. उलट शास्त्रज्ञांपुढे अशी काही गणिते असतात, की ती सोडवायला एका संगणकाला हजारो वर्षे लागतील. मग हे मोठे गणित लहान लहान पुड्यांत बांधून जगभरच्या लोकांच्या घरी पाठवले तर? प्रत्येकाच्या संगणकाने आपल्या रिकाम्या वेळात एक पुडी सोडवायची आणि उत्तर परत पाठवायचे. गावकरी एकत्र येऊन श्रमदानाने बांध घालतात ना, तसेच हे. याला स्वयंसेवी संगणन म्हणतात.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शास्त्रज्ञांनी १७ मे १९९९ रोजी ‘सेटी अ‍ॅट होम’ हा प्रकल्प सुरू केला. पोर्टो रिको बेटावरील आरेसिबोच्या प्रचंड रेडिओ दुर्बिणीने टिपलेल्या संकेतांत परग्रहावरील बुद्धिमान जीवांची काही खूण सापडते का, हे त्यात तपासले जाई. पन्नास लाखांहून अधिक लोकांनी त्यात भाग घेतला. ३१ मार्च २०२० रोजी नव्या पुड्या पाठवणे थांबले तोवर परग्रहवासी काही सापडले नव्हते. पण लाखो सामान्य माणसे मिळून एक महासंगणक उभा करू शकतात, हे सिद्ध झाले. याच मंडळींनी २००२ पासून ‘बॉइंक’ नावाची संगणक-प्रणाली विकसित केली. तिच्या साहाय्याने पुढे डझनावारी प्रकल्प निघाले. प्रथिनांच्या घड्या अभ्यासणारा ‘फोल्डिंग अ‍ॅट होम’ हा प्रकल्प मात्र २००० सालापासून स्वतंत्रपणे चालतो. मार्च २०२० मध्ये, कोविडच्या साथीत, लोकांनी त्याला इतके संगणक दिले की त्याची एकूण गती सेकंदाला १० च्या १८ व्या घाताइतक्या गणितक्रियांच्याही पुढे गेली.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. या श्रमदानात हजेरीपट असतो. तुम्ही किती पुड्या सोडवल्या त्याचे गुण तुमच्या खात्यावर जमा होतात. कोणी शहराच्या नावाने संघ काढतो, कोणी महाविद्यालयाच्या. अनेक प्रकल्प आपल्या सहभागी मंडळींची नावे, देश, संघ आणि गुण यांची यादी नियमितपणे खुली करीत. ती घेऊन काही हौशी लोक सर्व प्रकल्पांची मिळून एक मोठी गुणपत्रिका मांडत. ‘आज आपला संघ कितवा?’ हे पाहण्यात क्रिकेटच्या धावफलकासारखी गंमत असे. हसू नका! या चढाओढीपायी लोक वर्षानुवर्षे टिकून राहत आणि विज्ञानाचे काम पुढे सरके.

माझे नाव गळाले तेव्हा

मीही या हौशी मंडळींपैकीच एक. आमच्या महाविद्यालयाच्या भौतिकीच्या प्रयोगशाळेत काही संगणक आहेत. प्राचार्यांची लेखी परवानगी काढून मी ते अशा एका प्रकल्पाला जोडले. उत्साही विद्यार्थ्यांचा एक संघ केला. प्रत्येकाचे खाते मीच उघडून दिले. मुलांना अभिमान वाटावा म्हणून पूर्ण नाव, आडनाव आणि गाव, असे सारे लिहिले.

मे २०१८ च्या अखेरीस एका संध्याकाळी मी गुणपत्रिका पाहायला बसलो, तर आमच्या संघातील एकाही सभासदाचे नाव तिथे नाही! माझेही नाही. अनेक वर्षांची मेहनत जणू फळ्यावरून पुसली गेली होती. मी चरफडलो. चौकशी करता कारण कळले. युरोपीय संघाचा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २५ मे २०१८ रोजी अमलात आला होता. कोणाचीही व्यक्तिगत माहिती जमवायची वा दुसऱ्याला द्यायची तर त्यासाठी कायदेशीर आधार हवा, आणि असा एक प्रमुख आधार म्हणजे त्या व्यक्तीची स्पष्ट संमती, असे तो कायदा सांगतो. ‘त्याने नाही म्हटले नाही’ याचा अर्थ ‘हो’ असा धरता येत नाही. कायदा मोडणाऱ्याला २ कोटी युरोपर्यंत, किंवा मोठ्या कंपनीला जागतिक वार्षिक उलाढालीच्या ४ टक्क्यांपर्यंत, यांपैकी जी रक्कम मोठी तिथवर दंड होऊ शकतो. युरोपबाहेरच्या संस्था युरोपातील लोकांना सेवा देत असतील तर त्यांनाही तो लागू पडतो. म्हणून अनेक प्रकल्पांनी प्रत्येक खातेदाराला एक प्रश्न विचारला : ‘तुमची माहिती गुणपत्रिका मांडणाऱ्यांना द्यावी काय?’ ज्यांनी ‘हो’ म्हटले नाही त्यांची माहिती बाहेर जाणे बंद झाले. आलेले पत्र मी वाचलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी विद्यार्थ्यांना बोलावून सांगितले, ‘सगळ्यांनी हो म्हणून टाका, म्हणजे आपला संघ परत वर येईल.’ सगळ्यांनी माना डोलावल्या. एक मुलगी मात्र म्हणाली, ‘सर, मला गणित द्यायचे आहे. नाव द्यायचे नाही.’

मी कारण विचारले. ती काही बोलली नाही. मग माझ्या ध्यानात आले, की मुळात तिचे नाव आणि गाव जगापुढे मांडताना मी तिला विचारलेच नव्हते. अभिमान तिचा, आणि तो कशात मानायचा हे ठरवले मी! तिचे नाव आम्ही काढून टाकले. तिच्या खात्यावरचे काम मात्र पूर्वीसारखेच चालू राहिले. आज मला वाटते, तिला कारण विचारण्याचाही मला अधिकार नव्हता.

एकतीस प्रश्न

तुम्ही म्हणाल, ‘सर, नुसत्या नावाने काय बिघडते? फार तर टोपणनाव घ्यावे, म्हणजे झाले.’ इथे थोडे गणित करू.

समजा, वर्गात ६० मुले आहेत आणि त्यांतला एक मुलगा मी मनात धरला आहे. तुम्ही मला फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तर देता येईल असे प्रश्न विचारायचे. प्रत्येक प्रश्नाने उरलेल्या मुलांची संख्या निम्मी होत असेल, तर किती प्रश्न लागतील? २ चा सहावा घात ६४ आहे. म्हणून सहा प्रश्न पुरे. आता भारताची लोकसंख्या घ्या. ती १४० कोटींच्या वर आहे. २ चा ३० वा घात सुमारे १०७ कोटी होतो आणि ३१ वा घात सुमारे २१५ कोटी. म्हणजे नेमके निम्मे करणारे एकतीस प्रश्न विचारता आले, तर नाव न विचारताही देशातला कोणताही माणूस हुडकता येईल. केवळ एकतीस!

आता पाहा. बॉइंकसारख्या प्रणालीला संगणकाविषयी काय काय कळते? त्याचा प्रोसेसर कोणता, स्मृती किती, कोणती कार्यप्रणाली, आणि इंटरनेटवरचा त्याचा आयपी पत्ता. संगणकाने शेवटचा संपर्क केव्हा साधला, हेही नोंदले जाते. ही माहिती लागतेच. कारण कोणत्या यंत्राला किती मोठी पुडी झेपेल हे त्याशिवाय ठरवता येणार नाही. पण यातली प्रत्येक नोंद म्हणजे त्या एकतीस प्रश्नांपैकी काहींचे उत्तर आहे. त्यात देश, संघ आणि गाव यांची भर पडली की टोपणनावाचा पडदा फारच विरळ होतो. घरातील संगणक रोज कोणत्या वेळात गप्प असतो हे सतत दिसू लागले, तर घर केव्हा रिकामे असते याचाही अंदाज कोणी बांधू शकेल. सारेच लोक असे करतील असे नाही. परंतु दार उघडे ठेवून ‘चोर येणार नाही’ म्हणणे शहाणपणाचे नव्हे. म्हणूनच युरोपच्या कायद्याने इंटरनेटवरील अशा ओळखखुणाही व्यक्तिगत माहितीत धरल्या आहेत, आणि माझ्या मते ते योग्यच आहे.

मग नाव हवेच कशाला?

नाव इतके जोखमीचे, तर ते अजिबात घेऊच नये असे म्हणायचे काय? तेही मला पटत नाही. एक सुंदर उदाहरण सांगतो.

‘आइन्स्टाइन अ‍ॅट होम’ हा प्रकल्प २००५ साली, जागतिक भौतिकी वर्षात, सुरू झाला. गुरुत्वीय लहरी आणि स्पंदक तारे शोधणे हे त्याचे काम. फेब्रुवारी २००७ मध्ये आरेसिबोने टिपलेल्या निरीक्षणांची एक पुडी या प्रकल्पाने पुढे स्वयंसेवकांकडे पाठवली. २०१० साली तिच्यात एक नवा स्पंदक सापडला. तो सेकंदाला सुमारे ४१ वेळा स्वतःभोवती फिरतो आणि आपल्यापासून सुमारे १७,००० प्रकाशवर्षे दूर आहे. ही पुडी कोणाच्या संगणकाने सोडवली होती? एक होता अमेरिकेतील एका जोडप्याचा आणि दुसरा जर्मनीतील एका गृहस्थांचा. दोन कशासाठी? कारण एकाच संगणकावर विसंबून चालत नाही. एकच पुडी दोन वेगवेगळ्या लोकांकडे पाठवतात आणि उत्तरे जुळली तरच ती स्वीकारतात. सेटीच्या सुरुवातीच्या काळात काही महाभागांनी गुण वाढवण्यासाठी लबाड्या केल्या होत्या. त्या पकडण्याचाही हाच उपाय. म्हणजे कोणती पुडी कोणत्या खात्यावर गेली याची नोंद हवीच.

या शोधाचे श्रेय त्या तिघांना जाहीरपणे देण्यात आले. घरात ठेवलेल्या साध्या संगणकाने एक तारा शोधावा आणि जगाने त्याची दखल घ्यावी, यापरता आनंद कोणता? खात्यावरचा पत्ताच नसता, तर त्यांना हे कळवणार कोण?

पण नीट विचार करा. पडताळणीसाठी हवा असतो खात्याचा क्रमांक. श्रेयासाठी हवे असते नाव. या दोन गरजा निराळ्या आहेत. आपण मंडळींनी वर्षानुवर्षे त्या एकातच गुंतवून टाकल्या होत्या. कायद्याने हा गुंता सोडवायला लावला, एवढेच. फोल्डिंग अ‍ॅट होममध्ये तर नाव न देता, ‘अनामिक’ म्हणून काम करण्याची सोय पूर्वीपासूनच आहे. गुप्तदानाची पेटी ठेवली म्हणून तिथला दानाचा ओघ काही आटला नाही.

यात नुकसान काहीच झाले नाही, असे मी म्हणणार नाही. हजारो जुने दाते असे आहेत की ते आता पत्राला उत्तर देत नाहीत. कोणाचा ई-मेल बदलला, कोणी काम सोडले, कोणी हयात नाहीत. त्यांनी ‘हो’ म्हटले नाही म्हणून त्यांची नावे यादीतून गेली. देवळाच्या जीर्णोद्धारात जुन्या फरश्या उखडल्या जाव्यात, तसेच काहीसे हे झाले. याचे मला वाईट वाटते. पण उपाय आहे. त्यांची नावे न लिहिता त्यांच्या कामाची एकूण बेरीज ‘अनामिक दाते’ या एका ओळीत दाखवता येईल. बेरजेतून कोणाची ओळख पटत नाही, आणि केलेले कामही विसरले जात नाही.

आपला कायदा आणि तुम्ही

आता आपल्या देशाकडे येऊ. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. ऑगस्ट २०२३ मध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा आपला कायदा संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि बंधने टप्प्याटप्प्याने लागू करण्याचे ठरले. युरोपात मुलाने इंटरनेटवरील सेवेसाठी स्वतः संमती देण्याचे वय सोळा आहे आणि तेथील देशांना ते तेरापर्यंत खाली आणता येते. आपल्याकडे मात्र अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत तुम्ही मूल! तोवर तुमची माहिती घ्यायची तर आईवडिलांची संमती हवी, आणि तीही पडताळून पाहता येईल अशी. मुलांविषयीची ही बंधने मोडली तर २०० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

यामागचा हेतू चांगला आहे. मुलांवर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवणाऱ्या बड्या कंपन्यांना लगाम हवाच होता. पण बॉइंकवरील काही प्रकल्प एखादा प्राध्यापक आणि दोन-तीन विद्यार्थी मिळून चालवतात. त्यांनी काय करावे? मुलाच्या एका टोपणनावासाठी त्यांनी आधी त्याच्या पालकांची खातरजमा करायची, म्हणजे आणखी माहिती गोळा करायची! माहिती कमी जमावी म्हणून केलेल्या नियमामुळे ती वाढायची, असा हा उफराटा प्रकार होईल. मग असा लहान प्रकल्प सर्वांत सोपा मार्ग पत्करील : ‘अठरा वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही’ अशी पाटी लावून मोकळा होईल. मला भीती वाटते ती याचीच. कायद्यात संशोधनासाठी काही सवलत आहे खरी. पण इथे संशोधन ताऱ्यांचे होते. तुमचे नाव हा हजेरीपटाचा भाग. त्यामुळे ती सवलत इथे कितपत उपयोगी पडेल, याविषयी मी साशंक आहे.

माझ्या मते यातून वाट आहे, आणि ती प्रकल्प चालवणाऱ्यांनी व आम्हा शिक्षकांनी मिळून काढायची आहे. प्रकल्पांनी नवे खाते मुळात बिननावाचेच द्यावे. त्याला क्रमांक असावा, आणि नाव, गाव, देश यांची सक्ती नसावी. ज्याला फरशीवर नाव हवे त्याला स्पष्ट विचारावे, आणि उद्या त्याचा विचार बदलला तर ते नाव तितक्याच सहजपणे पुसून द्यावे. शाळांनी खाते शाळेच्या नावाने उघडावे आणि ते शिक्षकाने सांभाळावे. कोणत्या मुलांनी काम केले याची नोंद शाळेच्या वहीत राहील. बाहेर जाईल ते फक्त गणिताचे उत्तर. असे केले तर मुलांची माहिती शाळेच्या भिंतीबाहेर जाणारच नाही. मग तिच्या रक्षणाचा प्रश्नही पुष्कळसा सुटेल. जी माहिती जमवलीच नाही ती चोरीला कशी जाणार?

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारण्याच्या प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. त्याचा अपेक्षित खर्च सुमारे २,६०० कोटी रुपये आहे. तिच्यासारख्याच अमेरिकेतील वेधशाळांची निरीक्षणे आइन्स्टाइन अ‍ॅट होम आपल्या पुड्यांत बांधून घरोघर पाठवतो. उद्या आपल्या मातीतल्या वेधशाळेची निरीक्षणेही अशाच पुड्यांतून जगभर गेली, तर ती सोडवणाऱ्यांत मराठी शाळांतील मुले असावीत, असे मला फार वाटते. दारावरच्या पाटीमुळे ती बाहेर राहू नयेत.

तेव्हा मित्रहो, तुम्हाला हे श्रमदान करायचे असेल तर आधी घरी आईवडिलांशी बोला. विजेचे बिल तेच भरतात, हेही विसरू नका! संगणक शाळेचा असेल तर मुख्याध्यापकांची परवानगी घ्या. खाते उघडताना प्रत्येक रकाना भरलाच पाहिजे असे नाही. ‘हे कशासाठी हवे?’ असे प्रत्येक रकान्याला विचारा. आणि तुमच्या संघातला कोणी म्हणाला, ‘मी गणित देईन, नाव देणार नाही’, तर त्याला कारण विचारू नका. त्याची पुडी आणि तुमची पुडी, दोन्ही सारख्याच मोलाच्या.

आमच्या प्रयोगशाळेच्या संघात आज एका खात्यापुढे फक्त एक क्रमांक दिसतो. गुणांत ते खाते माझ्या पुष्कळ पुढे आहे.